निम्मी उरलेली नारिंगी केबल

मित्रांनो, परदेशातल्या एखाद्या कॅम्पवर मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, कुशीतून निघून गवतातून विजेच्या बुटक्या खांबापर्यंत गेलेली नारिंगी केबल दिसली, तर तिच्यावर पाय देऊ नका. कदाचित ती मी असेन. माझा रंग आता विटला आहे आणि लांबीही निम्मीच उरली आहे. ती निम्मी कशी झाली, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

कारखान्यात तांब्याच्या बारीक तारा पिळून, त्यांच्यावर जाड वेष्टण चढवून मला बनवले. दोन्ही टोकांना निळे गोल प्लग बसवले आणि एका रिळावर गुंडाळून दुकानात मांडले. तिथून मला एमरिसने नेले.

एमरिस हा वेल्समधल्या लनेथ्ली गावचा बेकरीवाला. जन्मभर पाव भाजून झाल्यावर त्याने बेकरी विकली आणि बायकोला, ग्लेनिसला घेऊन तो मोटारहोममधून फिरू लागला. थंडी ओसरू लागली की दोघे गाडीसकट बोटीने फ्रान्सला उतरत.

मुक्कामाला पोचल्यावर एमरिस सगळ्यात आधी मला बाहेर काढी. खांब हाताच्या अंतरावर असला तरी पूर्ण रीळ मोकळे करी. आधी एक टोक गाडीत, मग दुसरे खांबावर. जुन्या खांबाला माझा प्लग बसत नसे, तेव्हा मध्ये अडॅप्टर लावी आणि तारा उलट्या तर जोडलेल्या नाहीत ना, हे छोट्या टेस्टरने पाही. निघताना मला फडक्याने पुसून, एकही पीळ न पडू देता गुंडाळी. शेजारी म्हणत, "केबल ठेवावी तर एमरिसने!" मी आतल्या आत फुलून जाई. त्याच्या हाताखेरीज कोणाचा हात मला लागला नव्हता, आणि लागू नये असेच मला वाटे.

पण एका हिवाळ्यात एमरिसला अर्धांगाचा झटका आला. बोलणे सावरले, चालणेही सावरले. उजवा हात मात्र लुळा राहिला. मोटारहोम दारात उभे राहिले आणि मी सामानाच्या कप्प्यात, घडीच्या टेबलाखाली दबून गेले. कोणी माझी आठवण काढली नाही.

शेवटी ग्लेनिसनेच कंबर कसली. ती ते धूड चालवायला शिकली आणि मार्चच्या बोचऱ्या वाऱ्यात नवऱ्याला घेऊन थेट फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅम्पवर पोचली. गाडी उभी केली खरी, पण वीज कशी जोडायची हे तिला ठाऊक नव्हते. कप्प्यातले टेबल काढता काढता ती घामाघूम झाली.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतून वीबे आला. उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा हा डच गृहस्थ एकटाच फिरायचा. "राहू द्या हो ते उपसणं," तो म्हणाला. "माझ्याकडे एक जास्तीची केबल आहे. या, दाखवतो."

ती जास्तीची केबल मी कप्प्याच्या फटीतून पाहिली. काळी, मऊ, नवी कोरी. हात लावला की सापासारखी अलगद वळणारी. माझा तिळपापड झाला. माझ्या गाडीच्या कुशीत, माझ्या जागेवर, ती खुशाल जाऊन बसली!

"जोडताना आधी गाडी, मग खांब," वीबे सांगत होता. "काढताना उलटं. काहीही बिनसलं तर पहिला हात खांबावर."

"आधी गाडी, मग खांब," ग्लेनिस घोकत होती. मग तिने हळूच काहीतरी सांगितले आणि दोघे खो खो हसले.

पायरीवर शालीत गुरफटून बसलेला एमरिस ते बघत होता. त्याचा चेहरा मला दिसत होता, आणि मित्रांनो, मला आरशात पाहिल्यासारखे वाटले. त्याला तो मिशाळ वीबे डोळ्यांसमोर नको होता, मला ती काळी नको होती.

पुढे रोज तेच. वीबे येई, ग्लेनिसला एखादी नवी गोष्ट दाखवी, दोघे हसत. एमरिस तोंड फिरवून समुद्राकडे बघत बसे.

"चहाला बोलवू का त्यांना?" ग्लेनिसने एकदा विचारले.

"बोलव की. बिऱ्हाडच हलव म्हणावं इकडे."

"एमरिस! काय हे बोलणं?"

"काय वाईट बोललो? हात आहेत त्याला. दोन-दोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनिस गावात पाव आणायला गेली. ती वळणाआड होताच एमरिस उठला. डाव्या हाताने त्याने कप्पा उघडला, दातांनी पट्टा सोडवला आणि मला ओढून बाहेर काढले. किती दिवसांनी तो हात लागत होता! वीबे लगबगीने आला.

"थांबा, मी रीळ सोडवून देतो."

"माझ्या घराची वीज मी जोडीन," एमरिस म्हणाला. "तुमची ती काळी घेऊन जा."

वीबेने काळीला काढले आणि तो निघून गेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण एका हाताने रीळ उलगडेना. एमरिसने खांबापुरती चार हात केबल ओढली आणि बाकीची मी रिळावर गच्च गुंडाळलेली तशीच गाडीखाली सरकवली. प्लग बसला. आत हीटर लागला, पाण्याचा बंब लागला, किटली लागली. एमरिस खुर्चीत टेकला आणि समाधानाने त्याचा डोळा लागला.

गुंडाळलेल्या केबलमधून जास्त वीज गेली की तिचे वेढे एकमेकांना तापवतात आणि ती ऊब बाहेर पडत नाही. माझ्या पोटात आधी ऊब आली, मग आग पेटल्यासारखे झाले. खांबावरचा, जादा वीज ओढली की आपोआप पडणारा खटका पडला असता तर सुटले असते. पण वीज त्याच्या मर्यादेतच होती, तो कशाला पडेल? माझे वेष्टण वितळू लागले. गाडीखालून धूर निघाला. वर तो झोपलेला. मी ओरडू शकत नव्हते.

ग्लेनिस परतली ती जळका वास घेतच. पाव फेकून ती धावली. दाराकडे नाही, गाडीखाली वाकलीही नाही. पहिला हात खांबावर! झटक्यात प्लग ओढला आणि मग दार उघडून नवऱ्याला दंडाला धरून बाहेर काढले.

"मेला असतास!" ती ओरडली. "कोणाला दाखवायचं होतं हे?"

एमरिस गवताकडे बघत म्हणाला, "त्याच्याशी हसतेस तशी माझ्याशी किती दिवसांत हसली नाहीस."

"अरे, तुझ्याच गोष्टी सांगून हसते मी त्याला! बार्सेलोनाजवळ तू ही केबल शेजारणीच्या गाडीत खुपसलीस आणि आपण अंधारात बसलो, ते सांगितलं पहिल्या दिवशी."

एमरिसच्या ओठांचा कोपरा हलला. "सारख्याच होत्या त्या गाड्या."

"आणि हेव्याचं म्हणशील तर मी किती वर्षं जळले असेन?" ग्लेनिसने माझ्याकडे बोट केले. "ही सटवी! माझी सवत! मुक्कामाला पोचलो की पहिला अर्धा तास तू हिचा. हिला पुसायचं, हिला गोंजारायचं. मी कधी हात पुढे केला तर म्हणायचास, तुला नाही जमायचं. एकदा तरी शिकवलंस? शिकवलं असतंस तर परक्या माणसाकडे कशाला गेले असते?"

मी थक्क झाले. वितळलेल्या अंगाने गवतात पडले होते, काळीच्या नावाने जळत होते, आणि इतकी वर्षे माझ्याच नावाने कोणीतरी जळत होते!

एमरिस उठला. हळूहळू चालत शेजारच्या गाडीपाशी गेला. "वीबे," तो म्हणाला, "सकाळी तोडून बोललो. जरा येता का? हिचं जळलेलं कापायचं आहे. एका हाताने होत नाही."

वीबे हत्यारे घेऊन आला. त्याने जळका भाग कापून टाकला, चांगल्या उरलेल्या लांबीला प्लग बसवला. एमरिसने डाव्या हाताने माझे टोक घट्ट धरले होते. ग्लेनिस वाकून बघत होती आणि एमरिस तिला सांगत होता, "हिरवी-पिवळी तार कुठे जाते बघ. आता तू सांग, निळी कुठे?"

मित्रांनो, काळीचा हेवा मला अजून वाटतो. खोटे कशाला बोलू? पण तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल, तर खांब कितीही जवळ असो, तिला पूर्ण उलगडा आणि मगच वीज सोडा. आणि मनात काही गच्च गुंडाळून ठेवले असेल, तर तेही वेळीच मोकळे करा. धूर दिसेपर्यंत थांबू नका.