त्या कॉम्प्युटरवर क्लाउड नको

आमच्या यांना मी तीनदा बजावलं होतं. लॅपटॉपवर, मोबाइलवर, टीव्हीवर तुमचं ते क्लाउड खुशाल चालवा, पण आतल्या खोलीतल्या माझ्या कॉम्प्युटरवर ते नको. नवीन विंडोज टाकल्यावर ते आपोआप येऊन बसलं, तेव्हा मी स्वतः ते काढून टाकलं होतं. इतकं तर मलाही येतं.

पण आमचे हे, अरविंद सप्रे, म्हणजे चौतीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस. तिथे प्रत्येक ड्रॉइंगच्या तीन प्रती ठेवायच्या, मग घरात एकच प्रत कशी चालेल? मी नागपूरला बहिणीकडे गेले असताना यांनी ते परत टाकलं आणि घरातले सगळे फोटो जिथे जमा होतात त्या एकाच खात्याला जोडलं. मला सांगितलं मात्र नाही.

त्या कॉम्प्युटरवर माझे आठ फोटो होते. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. जखम कशी भरतेय ते साकेत नगरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला दर रविवारी आरशासमोर उभी राहून जुन्या कॅमेऱ्याने मीच ते काढले. पुढे पुसवेनात. आठव्या फोटोत मी पहिल्यांदा स्वतःकडे नीट बघितलंय. ते मी यांनाही दाखवले नव्हते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या सतरा बायका आल्या. हे नेहमीप्रमाणे बाहेर गेले. जाताना टीव्हीवर घरचे फोटो लावून गेले, तेवढीच शोभा. पचमढीची सहल, नातवाचं बोरन्हाण, आणि मग मी. कुंकवाची कोयरी हातात घेऊन मी टीव्हीपुढे उभी राहिले, पण पंचावन्न इंचांतलं कितीसं झाकणार? शेवटी समोरच्या मंगलाताईंनी प्लग ओढला. बायका तिळगुळाच्या वाट्यांकडे बघत बसल्या. शेजारची पिंकी हळूच म्हणाली, "कोई बात नहीं, दीदी." तिच्या त्या दयेने माझ्या अंगाची लाही लाही झाली.

हे परतल्यावर मी सगळं सांगितलं. ओशाळले, नाही असं नाही. पण लगेच समजावायला लागले, की जुनी हार्ड डिस्क कधीही जाते आणि मग ते फोटो कायमचे गेले असते.

"गेले असते तर माझे गेले असते," मी म्हटलं.

"अगं, पण बायकाच तर होत्या."

माझं डोकंच फिरलं. उन्हाळ्यात यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. लघवीच्या नळीपाशी सूज आली म्हणून डॉक्टरांसाठी मी एक फोटो काढला होता. तो अजून माझ्या कॅमेऱ्यात आहे, आणि आजवर मी तो दुसऱ्या कुणाला दाखवलेला नाही.

"उद्या तुमच्या कारखान्यातल्या मित्रांना चहाला बोलावते," मी म्हटलं. "तुमचा तो नळीचा फोटो टीव्हीवर लावू. पुरुषच तर असतील."

यांचा चेहरा उतरला. चहा तसाच ठेवून आतल्या खोलीत गेले, कॉम्प्युटर सुरू केला आणि ते क्लाउड काढायला बसले.

"उठा," मी म्हटलं. "याला तुम्ही हात लावायचा नाही."