चार वेळा नवी झालेली घसरगुंडी

मी एक जुनी घसरगुंडी आहे. किती जुनी म्हणाल, तर माझं उद्घाटन आजवर चार वेळा झालं आहे. हसू नका, मित्रांनो. बाकीचे एकदाच जन्मतात. मला नगरपालिकेने चारदा जन्माला घातलं.

खरा जन्म एका वेल्डरकाकांच्या दुकानातला. त्यांनी माझा पत्रा इतका घासला, की त्यावर बसलेली पहिली माशी घसरली ती थेट समोरच्या न्हाव्याच्या आरशावर आपटली. एकदा पोस्टमन गंमत म्हणून बसला आणि पिशवीसकट पलीकडच्या गल्लीत पोहोचला. यात तिळभरही खोटं नाही. फार तर मूठभर असेल.

काकांचा हात एकदाच हलला. पाचव्या पायरीखाली लोखंडाचा एक गोळा राहिला, सर्दी झालेल्या नाकासारखा. पहिल्या वस्तीतली पोरं त्या नाकाला चिमटा काढल्याशिवाय वर चढत नसत.

एका सकाळी रंगारी आला आणि त्याने मला पिवळं केलं. मला वाटलं, लाड चाललेत. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. “दुरुस्तीला नेतोय,” ड्रायव्हर म्हणाला. पोरांनी हात हलवले. ट्रक थांबला तो दुसऱ्या वस्तीत. तिथल्या रहिवाशांनी ‘मुलांना खेळायला बाग द्या’ असा अर्ज केला होता. नगरपालिकेच्या साहेबांनी फीत कापली आणि ते म्हणाले, “ही घ्या नवीकोरी घसरगुंडी!” नवीकोरी? मी आजूबाजूला शोधलं. मीच एकटी होते.

मग तिसऱ्या वस्तीने अर्ज केला, मी हिरवी झाले. चौथीने केला, निळी झाले. तेव्हापासून माझा कुणावर म्हणून विश्वास नाही. रंगाचा वास आला की माझे नटबोल्ट ढिले होतात. कुणी टेप घेऊन आला की संशय येतो आणि कुणी कौतुक केलं की दुप्पट येतो. माथ्यावर कबूतर बसलं तरी वाटतं, हे नक्की कार्यालयातून आलंय.

चौथ्या उद्घाटनाला एक कंडक्टरताई लेकीला घेऊन आली. लेक वर चढत होती, म्हणून ताईने खालून पायरी धरली. तिचा हात खालच्या गोळ्याला अडकला.

“अगं बाई! हे तर आमचं नाक!”

“ताई, बाजूला व्हा, फोटो काढायचाय,” शिपाई म्हणाला.

“काढा की. पण साहेब, लहानपणी आमच्या वस्तीतून ही दुरुस्तीला नेली होती ना? वीस वर्षं झाली. एवढं काय दुखत होतं तिचं?”

“सगळ्या घसरगुंड्या सारख्याच दिसतात हो,” साहेब म्हणाले.

“दिसत असतील. नाकं सारखी नसतात.”

यावर टाळ्या पडायला हव्या होत्या. झालं उलटंच. या वस्तीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्या उसळल्या. “म्हणजे आता तुम्ही ही परत नेणार? आमच्या मुलांनी काय जिन्याच्या कठड्यावरून घसरायचं?”

“आणि आमची मुलं इतकी वर्षं कशावरून घसरताहेत?”

दोघींची चांगलीच जुंपली. साहेब हळूच गाडीकडे निघाले. जाताना हसले. मी उंच आहे, मला दिसलं. ताईचीही नजर तिकडेच गेली.

“बाई, जरा थांबा. आपण भांडतोय आणि साहेब खुशीत आहेत. काहीतरी गोम आहे.”

माझ्या निळ्या रंगाखाली हिरवा आणि त्याखाली पिवळाही निघाला, तेव्हा ‘तुमचीही दुरुस्तीला गेली का?’ विचारत दोघी चारही वस्त्यांत घरोघर फिरल्या. आजवर अर्ज एकेक करून जात होते. या वेळी चारही वस्त्यांची माणसं एकत्र कार्यालयात गेली. मागणी एकच: ‘तुमच्या नोंदवहीत चार बागांत चार घसरगुंड्या आहेत. सोमवारी सकाळी दहाला आपापल्या बागेत आम्हाला आमची दाखवा.’

पुढचं मला ताईनेच सांगितलं. साहेब म्हणाले, “एकाच वेळी चार ठिकाणी? अहो, कसं शक्य आहे?”

“तुम्हाला नसेल शक्य,” बाई म्हणाल्या. “पण घसरगुंड्या तर चार आहेत ना?”

साहेब म्हणे इतकं पाणी प्यायले, की खालच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी गेलं. शेवटी त्यांनी लिहून दिलं: सुट्टी लागायच्या आत उरलेल्या तीन बागांत तीन नव्या घसरगुंड्या, आणि मी इथेच.

तिन्हीकडे खड्डे खणून झालेत. खड्ड्यावरून कुणी घसरत नाही, त्यामुळे मी अजून आनंद केलेला नाही. ताई दर रविवारी तिकडे चक्कर मारते, बाई दर सोमवारी कार्यालयात. दोघींनाही माझ्याइतकाच संशय आहे, म्हणून मला त्या आवडतात.

आणि आज सकाळी रंगारी आला. लाल डबा. “थोडी डागडुजी,” म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

मित्रांनो, बागेतल्या वस्तू जपा. पायाची वाळू झटकून चढा, बोल्ट पिरगाळू नका, पत्र्यावर खिळ्याने नावं कोरू नका. पण नुसत्या एवढ्याने माझ्यासारख्यांचं भागत नाही. आमच्यावर नजरही ठेवा. रंगाऱ्याने माझ्या गळ्यात पाटी अडकवली आहे, ‘रंग ओला आहे, हात लावू नये.’ तुम्ही शहाणी मुलं आहात, पाट्या पाळता. ही एक पाळू नका. शाळा सुटली की सगळे या आणि ओल्या रंगात दोन्ही पंजे चांगले दाबून ठसे उमटवा. मग बघते, मला पाचव्यांदा नवी कोण म्हणतं!