पाणी न धरणारी तार

सकाळपासून चौथ्यांदा तार तुटली आणि ताईने हातातला पाना आपटला. "मर मेले! कितीदा तुटशील?"

तीन नंबरचं मशीन ताईचं. जाड तार डायच्या भोकातून ओढून बारीक करायची, आणि ती घासू नये म्हणून वंगण मिसळलेल्या पांढऱ्या पाण्यातून न्यायची, एवढंच काम. पण चार दिवस नुसता वैताग होता. आज संध्याकाळपर्यंत एक रीळ अखंड निघालं नाही तर मशीन सोडायचं आणि पॅकिंगला जाऊन खोकी चिकटवायची, असं फोरमनने सगळ्यांदेखत ऐकवलं होतं.

"वंगण वाढव," हा त्याचा सल्ला. वाढवलं. डाय बदलली, पाणी गाळलं. पण पहिले पाढे पंचावन्न!

शेवटी कंटाळून तिने त्या पाण्याचा एक थेंब कोऱ्या तारेवर सोडला. थेंब पसरलाच नाही, गोळी होऊन टपकन खाली पडला. "अगं बाई, ही भिजतच नाहीये!" तिने तारेवरून बोट फिरवलं. तेल! तेलकट तारेला पाणी धरणार कसं? मग डायमध्ये कोरडी घासून तुटणार नाही तर काय?

ती तरातरा गोदामात गेली. गोदाम सांभाळणारे तिचे सासरे तेलाच्या बोळ्याने तारेची वेटोळी पुसत बसले होते.

"बाबा! हे काय चाललंय?"

"अगं, गंज धरायला नको. फक्त तुझ्याच मशीनची पुसतो हो, जेवणाच्या सुट्टीत."

ताईने कपाळावर हात मारला. "चार दिवस मी डायला शिव्या घालतेय! अहो, विचारायचं तरी!"

दोघांनी मिळून गरम सोड्याच्या पाण्यात वेटोळी धुतली आणि तार सरसर निघाली. रीळ अखंड उतरलं. तेवढ्यात फोरमन आला आणि धुतलेल्या पाण्यावरचा तेलाचा तवंग बघून थबकला.

"तेल लावलं कुणी? म्हाताऱ्याने असेल तर आजच घरी पाठवतो."

सासऱ्यांनी मान खाली घातली. बोला की आता, ताई मनात चरफडली. पण ते तेलाचा बोळा खिशात कोंबू लागले.

"मी लावलं," ताई म्हणाली. "गंजेल म्हणून."

"मग सोमवारपासून पॅकिंग."

गेटबाहेर आल्यावर सासरे पुटपुटले, "उद्या सांगतो मी साहेबांना, खरं काय ते."

"काही नको सांगायला!" ताई खेकसली. "मला निदान पॅकिंगला तरी घेतायत. तुम्हाला या वयात कोण ठेवणार आहे?"