पुसून पुन्हा बोलणारी चिमणी

मित्रांनो, विज्ञानाच्या वर्गात खिडकीपाशी फडक्याने झाकलेला संगणक दिसतो ना, तोच मी. आता माझे वय झाले आहे. मी सुरू होईपर्यंत मुलांचे एखादे भांडण होऊन मिटतेसुद्धा.

माझी उमेदीची वर्षे एका कार्यालयात आकडेमोड करण्यात गेली. मग शाळेत आलो आणि विज्ञानाच्या बाईंच्या हाती पडलो. बाई भारी हौशी. चित्रे काढायची, ती हलवायची, त्यांत आवाज भरायची फुकट साधने त्यांनी इंटरनेटवर शोधून काढली. पडद्यावर पहिली अळी सरपटली, तेव्हा माझे कोण कौतुक झाले! फुकटच्या खात्यात मात्र मोजकीच कामे मावत. नवे करायचे तर जुने पुसावे लागे.

वर्गात एक मुलगी होती. बोलताना अडखळायची, म्हणून तोंडच उघडायची नाही. सगळे तिला चिमणी म्हणत. पालकांना कामे दाखवायचे ठरले, तेव्हा तिने हृदयाचे चित्र केले. त्यात आपल्या आवाजात माहिती भरायला मधल्या सुट्टीत ती माझ्या माइकसमोर बसे. बोले, अडखळे, पुसे, पुन्हा बोले. शेवटी एकदाचे सलग जमले.

"बाबांना हेच ऐकवायचंय," ती बाईंना हळूच म्हणाली.

पालक यायच्या दिवशी बाईंची नुसती धांदल उडाली होती. एका गटाच्या कामाला जागा हवी, म्हणून त्यांनी घाईघाईत जुने समजून एक काम पुसले. ते नेमके चिमणीचे होते. तिची पाळी आली आणि पडद्यावर काहीच येईना. मला फार वाईट वाटले.

"अगं, माझ्याच हातून पुसलं गेलं," बाई कशाबशा म्हणाल्या. "राहू दे आता. आपण पुन्हा करू."

चिमणीचे बाबा शिंपी. दुकानातून तसेच आले होते, गळ्यात मापाची टेप घालून. चिमणीने शेवटच्या बाकावर बसलेल्या त्यांच्याकडे पाहिले. मग खडू उचलून फळ्यावर हृदय काढले आणि बोलू लागली. अडखळली. थांबली. तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतले, माझ्यापुढे घ्यायची अगदी तसेच. बाबांनी टेप मुठीत घट्ट धरली होती.

"आलं गं ऐकू," ते म्हणाले, "इथपर्यंत आलं."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढेच मागणे. आणि एक सांगतो. चिमणीला बोलायला मी शिकवले नाही. ती अडखळली तेव्हा मी हसलो नाही, घाई केली नाही, इतकेच. ते तर तुम्हालाही जमेल.