दुधरामच्या गाडीची टाकी

तेरवीचे पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच दुधरामने गाडीची पाण्याची टाकी उतरवायला घेतली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी इंदरलाल पटेलांची. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून त्यांनी ती आणली होती. समोर लांब नाक, मागे पत्र्याची बंद पेटी, पेटीत दोन बाजूंना बाकं. दवनीवाड्याहून गोंदियाला सकाळी एक फेरी आणि दुपारी एक. आत माणसं, टपावर धानाची पोती. दुधराम लढाईत आसामकडे लष्कराचे ट्रक चालवून आलेला, म्हणून पटेलांनी गाडी त्याच्या हवाली केली. सात वर्षं ती त्याच्याच हातात होती. फेऱ्या संपल्या की तो ती आपल्या घरासमोर चिंचेखाली उभी करायचा. गेले तेरा दिवस ती तिथेच उभी होती. टपावर चिंचेचा पाला साचला होता आणि एका बाकाखाली कुत्री व्याली होती.

त्याने आधी कुत्रीची पिल्लं एकेक करून टोपलीत घातली आणि पडवीत नेऊन ठेवली. मग गाडीचं नाक उघडलं, खालची तोटी सोडली. पाणी आलं नाही. तारेने तोटी टोचली तेव्हा आधी लाल चिखल आला आणि मग थोडं गढूळ पाणी. रबराच्या नळ्या काढल्या, समोरची जाळी काढली, चार बोल्ट सोडले. बोल्ट त्याने एका वाटीत ठेवले. मग मोजले. चार. थोड्या वेळाने पुन्हा मोजले.

त्याची सासू सुलोचनाबाई ओट्यावर बसून हे बघत होती. ती दरेकसाकडची. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी महिनाभर आधीच येऊन राहिली होती. आता नातीला घेऊन परत जायचं, असं बायकांमध्ये ठरलं होतं. नात शामकला, चार वर्षांची, पिल्लांपाशी जाऊन बसली होती.

"गाडी सुरू झाली का आमाले ठेसनावर सोडा, जवाई," सुलोचनाबाई म्हणाली.

"सोडतो मामी."

"किती दिवस लागतीन?"

"दोन-तीन."

तेवढंच बोलणं झालं.

उन्हं वर आली तसे पटेल आले. त्यांनी छत्री मिटली, उघडलेल्या गाडीकडे पाहिलं, मग दुधरामकडे.

"तू कायले हात लावतस आत्ता? मी गोंदियाहून मिस्त्री बोलावतो ना."

"होते माझ्यानं."

"अरे, पंधरा दिवस घरी राह्य. गाडी कुठं भागी नहीं जा रही."

"घरी काय करू?"

पटेलांच्या तोंडून निघून गेलं, "दिवाईले तुले इचारलं होतं मी. गाडी गरम होते का म्हणून."

"इचारलं होतं."

"तू म्हनला, चालते."

"हो."

आपण हे बोलायला नको होतं, हे पटेलांच्या लक्षात आलं. त्यांनी छत्री उघडली, पुन्हा मिटली. काही लागलं तर वाड्यावर निरोप पाठव, असं म्हणून ते गेले. दुधराम त्यांच्या पाठीकडे पाहत राहिला. रागाने नव्हे, दुःखानेही नव्हे. पटेलांचं धोतर एका बाजूने लांब झालं होतं, एवढंच त्याला दिसलं.

गाडी गरम व्हायची हे खरं होतं. दोन वर्षांपासून व्हायची. उन्हाळ्यात अर्ध्या वाटेवर थांबून, झाकण सोडून, जवळच्या बोडीतलं पाणी डब्याने आणून ओतायचं. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी देणारं लहानसं तळं, वैशाखात त्यात चिखलच जास्त. लष्करात असताना दर काही महिन्यांनी टाकी सोड्याच्या पाण्याने धुवावी लागायची. साहेब स्वतः बघायचा. दुधरामला ते माहीत होतं. इथे बघणारं कोणी नव्हतं आणि डबाभर पाणी ओतलं की गाडी चालायची.

त्या दिवशी त्याची बायको रुख्मा दीड दिवसापासून अडली होती. सुईण म्हणाली, माझ्या हातचं नाही, गोंदियाला न्या. भर दुपारी मागच्या बाकांमध्ये गोधडी टाकून तिला निजवलं, डोकं आईच्या मांडीवर. निम्म्या वाटेवर नाकातून वाफ आली आणि गाडी बंद पडली. तापल्या इंजिनात लगेच थंड पाणी ओतलं तर इंजिन चिरतं. मग गाडी कायमची बसते. म्हणून दुधराम पाण्याचा डबा घेऊन थांबला. किती वेळ थांबला ते त्याला सांगता आलं नसतं. सुलोचनाबाई सांगू शकली असती. दवाखान्यात पोचले तेव्हा रुख्मा जिवंत होती, बोलत नव्हती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "जरा आधी..." आणि पुढे न बोलता हात धुवायला गेले.

मूलही गेलं होतं. मुलगा होता, असं त्याला तेव्हाच सांगितलं गेलं. चार दिवसांनी त्याने सुलोचनाबाईला विचारलं, मुलगा होता का मुलगी. तिने सांगितलं. तेरवीच्या आदल्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं.

दुपारी त्याने टाकी खांद्यावर घेतली आणि बकारामकडे गेला. बकाराम गावातली फुटकी भांडी सांधायचा, कल्हई करायचा. गाडीचं काम त्याने कधी केलं नव्हतं, पण पितळ आणि तांबं त्याला कळत होतं. त्याने टाकी उलटसुलट करून पाहिली. वर पितळेचा डबा, खाली पितळेचा डबा आणि मध्ये तांब्याच्या बारीक नळ्या, उभ्या, एकीला एक लागून.

"वरचा डबा सोडवा लागते," बकाराम म्हणाला. "त्याबिगर आत दिसत नाई."

भाता चालवून त्याने सांध्यातली कथलाची डाक वितळवली आणि डबा अलगद उचलला. दोघेही वाकून बघू लागले. नळ्यांची तोंडं लाल मातीने बुजली होती. मातीत शेवाळ होतं आणि भाताच्या दाण्याएवढे शिंपलेही.

बकारामने काडीने एकेक तोंड टोचून पाहिलं. "तीनातली एकच खुली हाये गा. चालत कशी होती हे?"

"चालत होती."

"खालच्या डब्याचा पत्रा त् खाऊनच टाकला. बोटानं दाबलं त् दबते पाह्य. हा बदलवा लागन. माझ्यापाशी जुनी परात हाये, तिचा पत्रा लावतो. नळ्या तू साफ कर."

दुधराम टाकी आणि सुटा डबा घरी घेऊन आला. मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, कपड्याचा सोडा टाकला आणि टाकी त्यात उभी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर काढून अंगणात आडवी ठेवली आणि छत्रीची जुनी काडी ठोकून चपटी करून एकेका नळीत घालू लागला. काडी घालायची, फिरवायची, ओढायची. मातीचा लांबट गोळा बाहेर यायचा. मग पाणी ओतायचं. मग पुढची नळी. उन्हाची तिरीप पाठीवर आली तरी तो सरकला नाही. कोणीतरी रस्त्यावरून हाक मारली. त्याने हात वर केला. कोण होतं ते पाहिलं नाही.

सुलोचनाबाई ओट्यावरून उठली. चुलीपुढची राख आणि मूठभर चिंच घेऊन आली, त्याच्यासमोर बसली आणि वरचा पितळी डबा जवळ ओढून घासू लागली. भांडं घासावं तशी. आतून, बाहेरून, कोपऱ्यांतून.

बऱ्याच वेळाने तिने अंगणात साचलेल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं.

"हे यातूनच निंघालं का सारं?"

"हो."

"ह्याच्यानंच गाडी थांबली का?"

"हो."

तिचा हात थांबला. "हे पयले काढता आलं असतं का, जवाई?"

दुधरामने काडी नळीतून बाहेर ओढली. नाही म्हणता आलं असतं. गाडी जुनी आहे, पटेलांनी बघायला हवं होतं, असंही म्हणता आलं असतं. दोन वर्षं बोडीचं पाणी कोणी ओतलं ते या बाईला माहीत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "दोन दिवसाचं काम व्हतं. मले मालूम व्हतं."

सुलोचनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. आता ती ओरडेल, डबा फेकून मारेल, असं त्याला वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. पण ती ओरडली नाही. तिने खाली मान घातली आणि उरलेला कोपरा घासून काढला. डबा धुतला, उन्हात पालथा घातला आणि आत जाऊन पोरीला जेवू घातलं. त्या दिवशी तिने दुधरामचं ताट वाढून चुलीपाशी ठेवलं, पण त्याला हाक मारली नाही.

तिसऱ्या दिवशी बकारामने परातीचा पत्रा बसवला, नवसागर चोळून दोन्ही डबे डाकेने जोडले. पटेलांच्या वाड्यासमोरच्या ढोरांच्या हौदात टाकी बुडवून, तोंडं बंद करून दुधरामने नळीतून फुंक मारली. एका कोपऱ्यातून बुडबुडे आले. बकारामने ते भोक बुजवलं. पुन्हा फुंक मारली. बुडबुडे आले नाहीत.

"झालं," बकाराम म्हणाला. "आता विहिरीचंच पाणी घाल, गाळून."

"हो."

चौथ्या दिवशी सकाळी त्याने सुलोचनाबाईला आणि शामकलाला पुढच्या बाकावर बसवलं. पायाशी पोरीच्या कपड्यांचं गाठोडं. मागे गावातली सात-आठ माणसं बसली. गाडी जिथे त्या दिवशी बंद पडली होती ती जागा आली आणि गेली. गोंदियापर्यंत गाडी एकदाही तापली नाही. स्टेशनाबाहेर उतरून दुधरामने नाकावर हात ठेवला. पत्रा कोमट होता. एवढ्याशा कामानेच होत होतं.

दरेकसाकडची पॅसेंजर लागली होती. सुलोचनाबाईने गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पोरीचा हात धरला. डब्याशी आल्यावर दुधराम म्हणाला, "शामा राहू द्या मामी."

"कायले?"

"इथंच राहीन."

"कोन पाहीन तिले? तुमी त् दिवसभर गाडीवर राह्यता."

"गाडीत बसन. माह्याजवळ."

सुलोचनाबाईने पोरीला जवळ ओढलं. "त्या गाडीत? माही पोरगी ज्या गाडीत गेली, त्या गाडीत?"

"हो. त्याच."

"तुमाले काईच नाई वाटत का?"

दुधरामने विचार केला. खोटं सांगायचं नव्हतं. "अजून नाई वाटत," तो म्हणाला. "कवा वाटन तं नाई मालूम. पोट्टी जवळ राहू द्या."

हमाल ओरडत होते, कोणीतरी सुलोचनाबाईला बाजूला सारून डब्यात चढलं. तिने पोरीचा हात धरूनच ठेवला होता. पोरगी एकदा आजीकडे आणि एकदा बापाकडे बघत होती. शेवटी सुलोचनाबाईने गाठोडं डोक्यावरून उतरवलं आणि दुधरामच्या हातात दिलं. पोरीचा हात मात्र तिने स्वतः सोडला नाही. पोरगी आपणच तो सोडवून बापाच्या बाजूला आली.

"जेठात येतो पाहाले," सुलोचनाबाई डब्यातून म्हणाली. "मले बरं नाई दिसलं तर घेऊन जाईन. मंग तुमचं आयकनार नाई."

"या मामी."

परतीच्या फेरीला गाडी भरली. पोरगी पुढच्या बाकावर गाठोड्याला टेकून बसली होती. रस्त्यात एक जाडजूड बाई हातात कोंबडी घेऊन चढली, पुढे आली आणि पोरीला उचलून मांडीवर घ्यायला लागली.

"सरक वो माय, मले बसू दे."

"ते तिची जागा हाये," दुधराम म्हणाला. "तुमी मागं बसा."

बाई त्याच्याकडे बघतच राहिली. मग कोंबडी सावरत मागे गेली. दुधरामने गाडी सुरू केली.