चालू दे

धाकटा भाऊ दारात दिसला की ताईचा पाय शिलाई मशीनच्या पायडलवरून आपोआप खाली यायचा. मग बाही अर्धी लागलेली असो, नाहीतर कॉलर उलटायची राहिलेली असो. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालेल, पण त्याच्या कानावर मशीनची खडखड पडता कामा नये. सतरा वर्षं हे असंच चाललं होतं. याच खडखडीनं त्याचा पहिला अल्बम बुडवला, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सुतावरून स्वर्ग गाठायला तिला वेळ लागत नसे. धंदाच सुताचा.

भाऊ लहानपणी दिवसभर काहीतरी पुटपुटत हिंडायचा म्हणून घरात त्याला भुंगा म्हणत. पुढे तो रॅप करायला लागला आणि तेच नाव पोस्टरवर चढलं. एकोणीस वर्षांचा असताना त्यानं नऊ गाणी ताईच्या शिवणकामाच्या खोलीत रेकॉर्ड केली होती. तिन्ही भिंतींना कोट टांगलेले, त्यामुळे आवाज घुमत नाही, असं त्याचं शास्त्र. शाळा उघडायच्या आत ताईला गणवेश द्यायचे होते, तरी ती मशीन थांबवायला तयार होती. तो म्हणाला, चालू दे. आपली अडचण होऊ नये म्हणून बिचारा म्हणतोय, असं तिला वाटलं, आणि तिनं ते मुकाट ऐकलं.

महिन्याभरानं तो रेकॉर्डिंग कंपनीतून तोंड पाडून परत आला. अल्बम रद्द. ‘त्यांना मशीनचा आवाज नको,’ एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही, तिनंही नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या गाण्यांनी त्याचं नाव झालं. ताई मात्र त्याच्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही. ‘मी पांढऱ्या पायाची नव्हे, पायडलच्या पायाची,’ असं हसण्यावारी न्यायची, पण जायची नाही.

आणि एका दुपारी लेक फोन नाचवत आली. कंपनीनं भंगारात काढलेला जुना संगणक कुणाच्या तरी हाती लागला होता, आणि मामाची नऊच्या नऊ गाणी जगभर पसरून लोकांना तोंडपाठ झाली होती. आता भावाचं हसं होणार, तेही आपल्यापायी. नको नको म्हणेपर्यंत लेकीनं गाणं लावलंसुद्धा.

आधी मशीन आली. मग तिच्या तालावर पाय टाकत भुंग्याचा कोवळा आवाज.

ताईनं डोळे मिटले. आयुष्य टीप मारण्यात गेलेल्या बाईला आवाजावरून शिवण कळते. ही पँटची लांब बाजू. हा खिसा. हा कोपरा, इथं सुई खाली ठेवून कापड वळवायचं. आणि नेमका त्या कोपऱ्यावर तो श्वास घेत होता. प्रत्येक वेळी. लांब शिवणीला लांब ओळ, काजाला बारीक बारीक शब्द. तो मशीन सोसत नव्हता, मशीन धरून चालत होता. ‘दिवस फाटला की घरात कुणीतरी टीप मारत बसतं,’ तो म्हणत होता, आणि त्या कुणीतरीला हे आज कळत होतं.

चौथ्या गाण्यात मशीन मध्येच थांबली. गाणंही थांबलं. मग गाण्यातला नव्हे, घरातला आवाज आला, ‘ताई, लागलं का?’

‘काही नाही. तू चालू दे.’ हा तिचाच आवाज.

मशीन पुन्हा सुरू झाली, जरा हळू. त्याचे शब्दही तितकेच हळू झाले. ताईनं डाव्या हाताचं बोट पुढे धरलं. सुई आरपार गेली होती त्या दिवशी. नखावरची रेघ अजून होती.

दुसऱ्या दिवशी भुंगा आला. तिचा पाय सवयीनं पायडलवरून खाली आला.

‘कंपनीवाले म्हणाले, गाण्यातून मशीन काढ,’ तो उभ्याउभ्याच सांगू लागला. ‘मी काढून बघितली. एक ओळ उभी राहीना. मग मीच म्हटलं, अल्बमच नको.’

‘आणि हे सांगायला सतरा वर्षं लागली?’

‘मी आलो की तू मशीन बंद करायचीस. मला वाटलं, तुला त्या अल्बमची आठवणही नको.’

ताईला हसावं की रडावं कळेना. दोन शहाणी माणसं, आणि एकाच खोलीत सतरा वर्षं एकमेकांना जपत गप्प बसलेली. रविवारच्या कार्यक्रमाला ये, तो म्हणाला. या खेपेला तिनं पायडलचा विनोद केला नाही.

रविवारी संध्याकाळी मैदान गच्च भरलं होतं. नजर पोचेल तिथवर माणसं. पहिल्या रांगेत स्वतः शिवलेला ब्लाउज घालून बसलेल्या बाईला त्यातलं कुणी ओळखत नव्हतं. ते चौथं गाणं आलं तेव्हा वाजवणारे बाजूला झाले आणि मोठमोठ्या स्पीकरमधून तिची मशीन वाजू लागली. तिची, खोलीतली. एवढी मोठी ती कधी वाजली नव्हती. ताईनं लेकीचा हात घट्ट धरला.

मशीन थांबली. भुंगा थांबला. आणि मग हजारो माणसांनी एका आवाजात, हळूच, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, ‘ताई, लागलं का?’

स्पीकरमधून तिचं तेव्हाचं उत्तर आलं नाही. भुंगा माईक खाली धरून पहिल्या रांगेकडे बघत उभा होता.

ताईनं लेकीचा हात सोडून पदर सारखा केला. तेवढा वेळ सगळे थांबले.

‘काही नाही,’ ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. ‘तू चालू दे.’

मशीन सुरू झाली. खुर्चीखाली ताईचा पाय तिच्या तालावर हलू लागला, आणि भाऊ समोर असूनही तिनं तो थांबवला नाही.