पेवातला सातू

मी एक जुनं पेव आहे, आणि मित्रांनो, मी फार भित्रं आहे. पेव म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार म्हणजे पेव. माझं तोंड इतकं अरुंद की एकच माणूस अंग चोरून आत उतरेल, आणि पोट इतकं मोठं की त्यात गाड्याच्या गाड्या रित्या व्हाव्यात. पेडगावात योगीराजच्या अंगणाखाली मी आहे. त्याच्या पणजोबांनी पांढरीची, म्हणजे गावठाणातली, घट्ट माती खणून मला घडवलं, आतून कडब्याचं अस्तर दिलं आणि तोंडावर दगडी फरशी ठेवून वरून शेणमाती लिंपली.

एके काळी माझा काय रुबाब होता! टंचाईच्या सालात माझ्या पोटातली ज्वारी साऱ्या गल्लीने खाल्ली. बाया माझ्या तोंडाला हळदकुंकू वाहायच्या. ज्वारी जरा पिवळी पडली, आंबूस वास आला, तरी कुणी नाक मुरडत नसे. भाकरी होते ना, मग झालं.

पण भ्यायलाही मी त्याच दिवसांत शिकलं. शेजारी माझ्यासारखंच एक पेव होतं. त्यात एक माणूस घाईने उतरला आणि आत जाऊन गप्पच झाला. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला. तोही गप्प झाला. दोघांना वर काढलं तेव्हा त्यांच्या अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. कोंडलेलं धान्य आतली चांगली हवा खाऊन टाकतं आणि उरते ती जीवघेणी हवा. तिला रंग नाही, वास नाही. ते पेव लोकांनी दगडांनी बुजवलं. तेव्हापासून गल्लीत कुणी ही रीत मोडली नाही: पेव उघडलं की आधी पेटता कंदील दोरीने आत सोडायचा. तो विझला तर कुणी उतरायचं नाही.

पुढे पत्र्याच्या कोठ्या आल्या आणि मला सगळे विसरले. माझ्या फरशीवर पार्वतीबाई, म्हणजे योगीराजची आई, सकाळचं बसू लागली. विसरले म्हणून मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण रिकामं होतं तोवर माझ्यापायी कुणाचा जीव तरी जात नव्हता.

मग गेल्या रब्बीत योगीराजने सातू पेरला. सातू म्हणजे बार्ली. एका कंपनीने बी दिलं होतं, कारण तिला सातूचं माल्ट करायचं होतं. माल्ट म्हणजे दाणा भिजवून त्याला मोड आणायचे आणि मग तो वाळवायचा. बिस्किटांत, दुधात घालायच्या पावडरीत ते पडतं. कंपनीच्या माणसाने योगीराजला एकच गोष्ट बजावून सांगितली होती. "दाणा जिवंत पाहिजे. मोड आले नाहीत, तर माल परत." हे धान्य नुसतं टिकून चालणार नव्हतं, ते विकेपर्यंत जिवंत राहायला हवं होतं.

सातू कापून पडला आणि ऐन मळणीत अवकाळी पाऊस आला. कंपनीची गाडी यायला अजून अवकाश होता. पत्र्याच्या शेडमध्ये तर उकाड्याने दिवसा उभं राहवत नव्हतं. तेव्हा योगीराजला माझी आठवण झाली.

"पेवात गारवा हाय. सातू निवांत राहील," तो बायकोला, शिवकन्येला म्हणाला.

विचार काही वाईट नव्हता. पण पार्वतीबाईने एक दाणा दाताखाली धरला. तो कटकन फुटायला हवा होता. तो चपटा झाला.

"ओल हाय यात. अजून ऊन दे," ती म्हणाली.

"आभाळ परत भरून यायलंय, आई. ऊन कुठून आणू?"

आणि घाईघाईने त्याने सगळा सातू माझ्या पोटात ओतला, फरशी बसवली, लिंपून टाकली.

इतक्या वर्षांनी पोट भरलं म्हणून आधी मी सुखावलं. ते सुख काही टिकलं नाही. ओला दाणा निजत नाही, मित्रांनो. सातू धापा टाकल्यासारखा श्वास घेऊ लागला. ढिगाच्या मधोमध ऊब आली, उबेचा चटका झाला, चटक्याभोवती बुरशी धरली. एकेक दाणा आतल्या आत मरत होता आणि ते मला कळत होतं. तोंड असून मला वाचा नव्हती. वाईट हवा साचत साचत माझ्या गळ्याशी आली, तेव्हा मला शेजारचं पेव आठवलं आणि माझी पाचावर धारण बसली. मला उघडल्याशिवाय सातू वाचणार नव्हता, आणि मला कुणी उघडूच नये असं मला वाटत होतं.

एका सकाळी पार्वतीबाई फरशीवर बसली आणि लगेच चुळबुळली. "योग्या, ही फरशी ऊन लागायलीय रे. अन् कुबट वास यायलाय."

शेजारच्या बन्सीधरला हाक मारून योगीराजने फरशी सरकवली. वासाचा भपकारा वर आला. "जल्दी काढावा लागंल समदा," म्हणत त्याने सदरा काढला, कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक बन्सीधरच्या हातात दिलं.

"आधी कंदील सोड," पार्वतीबाई म्हणाली.

मला हायसं वाटलं. पण घरात कंदील कुठला? तो कधीच भंगारात गेला होता. योगीराजने चार्जिंगची बॅटरी आणली, तिला सुतळी बांधली, बटण दाबलं आणि आत सोडली. सातूच्या ढिगावर टेकून ती झक्क उजेड पाडू लागली.

"उजेड हाय का?" मोतीबिंदूमुळे पार्वतीबाईला नीट दिसत नाही.

"लय लख्ख हाय, आई."

"विझला न्हाई ना?"

"न्हाई."

"मग उतर, बाबा. जपून."

मित्रांनो, त्या क्षणी भ्यालं तितकं मी कधीच भ्यालं नाही. आईने आठवणीने विचारलं होतं. लेकाने खरं तेच सांगितलं होतं. आणि तरी तो मरायला चालला होता. त्याने पाय माझ्या तोंडात सोडले. त्याच्या टाचा माझ्या गळ्याच्या मातीला लागल्या. त्याच्या आज्याच्या टाचाही तिथेच लागायच्या. त्या टाचा उचलून बाहेर ठेवाव्यात असं फार वाटलं, पण मातीला हात कुठे असतात?

"थांबा जरा," म्हणत शिवकन्या ताट घेऊन आली. पेवातलं धान्य काढण्याआधी दिवा ओवाळायचा, असं सासूनेच तिला शिकवलं होतं.

"हितं सातू सडायलाय अन् तुला ओवाळायचं पडलंय," योगीराज काठावर बसल्या बसल्या वैतागला.

"एका घडीनं काय होतंय?" ती वाकली आणि तिने निरांजन त्याच्या पायांपाशी, माझ्या तोंडात धरलं. ज्योत आखडली आणि विझली.

तिने काडी ओढून पुन्हा पेटवलं. पुन्हा विझलं.

"वारं असंल," योगीराज म्हणाला आणि खाली सरकायला त्याने हात टेकले.

"कुठलं वारं? लिंबाचं पान हलंना झालंय," बन्सीधर म्हणाला.

"काय झालं गं?" पार्वतीबाईने विचारलं.

"दिवा विझायलाय, आत्याबाई."

"वर का खाली?"

शिवकन्येने निरांजन पेटवून अंगणात धरलं. ते जळत राहिलं. तिने हात माझ्या तोंडात घातला. ते विझलं.

"खाली," ती म्हणाली.

पार्वतीबाई काठी टेकत उठली. "योग्या, पाय वर घे. बॅटरीला हवा लागत न्हाई रे बाबा. मी काय इचारलं अन् तू काय सांगितलं."

बन्सीधरने काखेत हात घालून त्याला ओढून काढलं. योगीराज पाय पसरून जमिनीवर बसला. पार्वतीबाई त्या पायांवरून हात फिरवत राहिली. माझ्या पोटात बॅटरी अजून लख्ख जळत होती.

मग माझं तोंड उघडंच ठेवलं, पंखा लावला, पुन्हा पुन्हा दिवा सोडून पाहिला. तो ढिगावर शांत जळत राहिला, तेव्हाच योगीराज उतरला. सातू काळपट पडून ढेकळांसारखा चिकटला होता. कंपनीच्या माणसाने ओल्या फडक्यात मूठभर दाणे बांधून ठेवले आणि नंतर उघडून पाहिले. मोड अगदी तुरळक होते. "हा दाणा मेलाय," तो हळूच म्हणाला आणि गाडी रिकामीच परत गेली. ज्याच्या मोडांसाठी योगीराजने रात्री जागून पाणी दिलं होतं, तो सातू गुरांच्या खाद्यात गेला.

आता मुरमाची ट्रॉली सांगितली आहे. मला बुजवायचं ठरलं आहे. गोष्टींतल्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला टाकू नका. मी तसं विनवणार नाही. मला बुजवा, मी निवांत निजेन. पण गावोगावी अंगणांखाली माझी भावंडं अजून आहेत. तुम्ही मुलांनी त्यांच्यात डोकावायलाही जाऊ नका, आणि मोठी माणसं उतरू लागली तर त्यांना माझी गोष्ट सांगा. ओलं धान्य कोंडू नका, त्यालाही जीव असतो. आणि मोठ्यांना एवढं नक्की सांगा, की तो कंदील उजेडासाठी नव्हता. तो विझतो का, हे पाहण्यासाठी होता.